नसबंदी, खच्चीकरण आणि पुरुष प्रजननसंस्थेची रचना

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. त्याला दोन मुले आहेत, पत्नीच्या अंगात रक्त कमी आहे आणि दुसऱ्या बाळंतपणात तिने फार सोसले, म्हणून आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तिच्याऐवजी त्यानेच नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे सुचवले होते. चहा झाला, ऊसदराच्या गोष्टी झाल्या, आणि निघताना उंबऱ्यात थांबून त्याने हळूच विचारले, “सर, खोंडाचं करतात तेच न्हवं हे?”

त्याला तेव्हा ‘नाही रे’ एवढेच सांगता आले. दहावीला प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचून या’ असे म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळत असे, आणि त्या वर्गात तोही बसलेला होता. तेव्हा न शिकवलेला धडा आता इथे मांडतो. चूक आढळल्यास जाणकारांनी दुरुस्त करावी.

सुरुवात वृषणापासून करू. प्रौढ पुरुषाचा वृषण साधारण 4 ते 5 सेंटीमीटर लांब आणि 2 ते 3 सेंटीमीटर रुंद असतो. त्याच्याभोवती पांढरे, चिवट आवरण असते आणि त्या आवरणाचे पडदे आत शिरून सुमारे 250 कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्यात एक ते तीन शुक्रजनन नलिका वेटोळी घालून बसलेल्या असतात. वृषणाची कामे दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या जागी चालतात, हे नीट लक्षात घ्यावे. शुक्राणू तयार होतात ते या नलिकांच्या आत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मात्र नलिकांच्या बाहेर, त्यांच्या मधल्या फटींत असलेल्या पेशींत तयार होते आणि तिथूनच रक्तात मिसळते. त्याला कोणत्याही नळीची गरज पडत नाही. या फटींतल्या पेशींचे वर्णन फ्रांझ लायडिग यांनी 1850 मध्ये केले आणि नलिकांच्या आत वाढणाऱ्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींचे वर्णन एन्रिको सेर्टोली यांनी 1865 मध्ये केले. दोन्ही पेशी आजही त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात.

नलिकांमधून निघालेले शुक्राणू वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या अधिवृषणात येतात. अधिवृषण म्हणजे गुंडाळून ठेवलेली एकच नळी असून ती उलगडली तर सुमारे 6 मीटर भरते. वृषणातून बाहेर पडलेल्या शुक्राणूला नीट पोहता येत नाही. या 6 मीटरच्या प्रवासात तो ती ताकद मिळवतो. अधिवृषणाच्या शेपटाकडून शुक्रवाहिनी सुरू होते. ती वर चढते, जांघेतल्या बोगद्यातून पोटात शिरते, मूत्राशयाच्या बाजूने वळसा घेते, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या मूत्रवाहिनीला वरून ओलांडते आणि मूत्राशयाच्या मागे शुक्राशयाच्या, म्हणजे वीर्यातला बराचसा द्रव बनवणाऱ्या ग्रंथीच्या, नळीला मिळते. तिथून पुढची आखूड स्खलनवाहिनी पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोस्टेट म्हणतो त्या ग्रंथीतून आरपार जाऊन मूत्रमार्गात उघडते. खाली वृषणकोशापासून, म्हणजे वृषणांच्या पिशवीपासून निघून पोटात फिरून पुन्हा खाली येणारी ही वाट पाहिली की कोणालाही वाटेल, सरळ का नाही गेली? त्याचे कारण वृषणाच्या जन्मकथेत आहे. त्याविषयी नंतर लिहीन.

शिश्नाबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात हाड नसते आणि हातापायांना असतो तसा स्नायूही नसतो. वरच्या बाजूला दोन आणि मूत्रमार्गाला वेढणारा एक असे स्पंजासारख्या ऊतीचे तीन स्तंभ असतात. धमन्या सैलावून त्यांत रक्त भरते, फुगलेल्या ऊतीमुळे बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. यात वृषणाकडून येणाऱ्या नळीचा काहीही संबंध नाही.

नसबंदीत दोन्ही बाजूंची शुक्रवाहिनी, तीही वृषणकोशाच्या वरच्या भागात, कापून बांधली जाते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर झाले. खोंडाचे निम्मे उत्तर मला देता येणार नाही.

चिकोडीचा पशुवैद्य

सर, ते निम्मे मी देतो. चिकोडी आणि रायबाग भागात मी आजवर शेकडो खोंडे खच्ची केली आहेत.

वृषणापासून जांघेकडे जाणारा बोटाएवढा जाड दोर हाताला लागतो, त्याला वृषणरज्जू म्हणतात. त्यात शुक्रवाहिनी असतेच, पण तिच्यासोबत वृषणाला रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणाऱ्या शिरांचे जाळे, चेता म्हणजे मज्जातंतू आणि लसीकावाहिन्याही असतात. पूर्वी गावात खोंडाला पाडून हा दोर दोन काठ्यांमध्ये धरून बडवत असत; आज आम्ही बर्डिझो चिमटा वापरतो. त्या चिमट्याने कातडी फाटत नाही, पण आतला दोर चिरडला जातो. दोन्ही बाजू एकाच रेषेत दाबल्या तर मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती सडू शकते, म्हणून प्रत्येक बाजू थोडी वरखाली दाबायची असते. रक्तच बंद झाल्यावर वृषण काही आठवड्यांत सुकून सुपारीएवढा होतो. शुक्राणू बंद होतात आणि टेस्टोस्टेरॉनही बंद होते. म्हणूनच बैलाची मान आणि वशिंड वळूसारखे भरत नाही आणि तो जुवाखाली शांतपणे चालतो.

माणसाच्या नसबंदीत त्या दोरातली एकच नळी वेगळी काढून बांधतात. धमनी, शिरा आणि चेता यांना हात लावत नाहीत. वृषण पूर्वीइतकाच राहतो, त्याचे संप्रेरक पूर्वीसारखेच रक्तात जात राहते. एखाद्या वाड्याचे पुढचे दार बंद करणे आणि वाड्याचे पाणी, वीज, रस्ता सगळे तोडणे, इतका हा फरक आहे. शेतकऱ्याने मात्र एकच गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असते आणि ती म्हणजे खोंड. त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याला वाटलेली भीती मला मूर्खपणाची वाटत नाही. ती निरीक्षणातून आलेली आहे, फक्त निरीक्षण दुसऱ्या शस्त्रक्रियेचे आहे.

जाता जाता प्राण्यांतली तुलना सांगतो. कुत्र्याच्या शिश्नात हाड असते. बैलाच्या शिश्नाला विश्रांतीत इंग्रजी एस अक्षरासारखा बाक असतो आणि तो सरळ होऊनच ते बाहेर येते; तिथे रक्ताने फुगण्याचा भाग कमी असतो. कुत्र्याला शुक्राशय नसतात, प्रोस्टेट असते. कोंबड्याचे वृषण पाठीच्या कण्याजवळ, मूत्रपिंडाशेजारी पोटातच राहतात.

घटप्रभा_1

नावानेच बराच घोटाळा केला आहे असे मला वाटते. मराठीत ‘नस’ म्हटले की कोणाच्या मनात शीर येते, कोणाच्या मनात चेता. ‘मानेची नस दबली’ असे आपण म्हणतोच. मग नसबंदी म्हणजे ताकदीची नस बांधली असे समजणाऱ्याला दोष कसा द्यावा? बांधतात ती नस नाही, नळी आहे.

आपल्याकडे त्यात आणखी भर पडते ती कन्नडची. सरकारी फलकावर या शस्त्रक्रियेला ‘संतानहरण शस्त्रचिकित्से’ असे लिहिलेले असते. कन्नड वाचकाला त्यात वावगे काही वाटत नाही, परंतु सीताहरण ऐकत वाढलेल्या मराठी माणसाने तो शब्द देवनागरीत वाचला तर त्याला वाटेल की आपली असलेली लेकरेच कोणी पळवून नेणार आहे. आणि बसस्थानकाच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींत ‘नर दौर्बल्य’ असते, ते तर विचारूच नका. कन्नडमध्ये ‘नर’ म्हणजे चेता, म्हणून तिथे तो अशक्त चेतांचा विकार. आपला माणूस मात्र ‘नर’ म्हणजे पुरुष असे समजून, हा आपलाच रोग, असे मनाशी पक्के करतो. वृषण आणि शिश्न हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. शुक्राणूला मात्र कन्नडमध्ये ‘वीर्याणु’ म्हणतात. माझ्या भावाला तपासणीच्या कागदावर तो शब्द दिसला तेव्हा त्याला वाटले की वीर्यात जंतू सापडले.

उद्यमबागचा कामगार

विषयाला धरूनच माझी गोष्ट आहे. मी बेळगावात एका फाउंड्रीत ओतकामाच्या विभागात आहे. वितळलेले लोखंड 1400 अंशांच्या आसपास असते आणि पाळीतला बराच वेळ मी त्या भट्टीच्या समोर उभा असतो. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. माझ्या पत्नीच्या तीन ठिकाणी तपासण्या झाल्या, गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणीही झाली, आणि तोवर एकाही ठिकाणी मला कोणी काही विचारले नाही. शेवटी चौथ्या डॉक्टरांनी माझी तपासणी केली. शुक्राणूंची संख्या कमी निघाली आणि डाव्या बाजूच्या शिरा फुगल्या आहेत असे सांगितले. डावीच बाजू का, आणि भट्टीचा यात वाटा असेल का, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा असे सांगितले आहे. तीनच महिने का?

प्रयोगशाळेतली ताई

भाऊ, तीनही प्रश्नांची उत्तरे रचनेतच आहेत. मी वीस वर्षे प्रयोगशाळेत काम करते आणि वीर्याचे नमुने रोज तपासते.

आधी तापमान. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणाला शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा सुमारे 2 ते 2.5 अंश कमी तापमान लागते, म्हणूनच वृषणकोश शरीराबाहेर लोंबतो. थंडीत त्याच्या कातडीखालचा स्नायू आवळतो, शिवाय वृषणरज्जूबरोबर आलेला दुसरा स्नायू वृषणाला वर ओढतो; उकाड्यात दोन्ही सैल पडतात. त्याहून सुंदर व्यवस्था आहे ती रज्जूतली. वृषणाकडे जाणाऱ्या गरम धमनीभोवती परतणाऱ्या थंड रक्ताच्या शिरांचे वेलीसारखे जाळे गुंडाळलेले असते, त्यामुळे धमनीतले रक्त वृषणात पोहोचण्याआधीच निवते. हे जाळे फुगले आणि त्यात रक्त साचू लागले की निववण्याची सोय बिघडते. तुम्हाला सांगितलेला विकार तो हाच, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. दर 100 पुरुषांत सुमारे 15 जणांना तो असतो, त्यांतल्या अनेकांना मुलेही होतात, म्हणून नुसत्या नावाने घाबरू नये.

आता डावी बाजू. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते. डाव्या वृषणाची शीर मात्र आणखी वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. तो रक्ताचा स्तंभ अधिक उंच असतो आणि तिथे दाबही अधिक असतो, म्हणून फुगणे बहुतेक वेळा डावीकडे दिसते. बऱ्याच पुरुषांचा डावा वृषण उजव्यापेक्षा थोडा खाली असतो, तेही पूर्णपणे स्वाभाविक आहे. दोन्ही समान उंचीवर नाहीत म्हणून नमुना द्यायला आलेली मुले काळजीने विचारतात, त्यांना मी हेच सांगते.

भट्टीबद्दल जपून लिहिते. दीर्घकाळ उष्णतेसमोर काम केल्याने शुक्राणूंच्या निर्मितीवर परिणाम होऊ शकतो, हे मान्य झालेले आहे. तुमच्या बाबतीत भट्टीचा वाटा किती आणि शिरांचा किती, हे एका कागदावरून कोणी सांगू शकणार नाही. भट्टीपासून लांबची पाळी मिळत असेल तर डॉक्टरांशी बोलून काही महिने ती घेऊन पाहावी. धूम्रपान असेल तर सोडावे.

तीन महिन्यांचा हिशोब असा. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू होण्यास सुमारे 74 दिवस लागतात आणि त्यानंतर अधिवृषणातून पुढे सरकण्यास आणखी काही दिवस ते दोन आठवडे. म्हणजे आज तुमच्या नमुन्यात दिसणारा शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी तयार होऊ लागलेला असतो. दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल तर तो आजच्या नमुन्यात दिसतो. आज सुधारणा केली तर ती तीन महिन्यांनीच दिसेल.

अहवाल वाचताना जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची किमान मर्यादा समोर ठेवा: एकूण वीर्य 1.4 मिलिलीटर, एका मिलिलीटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, आणि त्यांपैकी 42 टक्के हालचाल करणारे. या मर्यादेखाली असणे म्हणजे वंध्यत्व असे नाही. ज्यांच्या पत्नींना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ही रेषा आहे. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचा खंड ठेवावा लागतो.

एक वेगळी गोष्ट सांगून थांबते. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारी मुले अलीकडे आमच्याकडे येतात. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी वृषणाला काम करण्याचा आदेश देणे थांबवते. अंग भरते आणि वृषण मात्र लहान होतो, शुक्राणू शून्यावरही येतात. चिकोडीच्या डॉक्टरांचे खोंड आणि हे पैलवान यांत मला कधी कधी फार अंतर वाटत नाही.

निपाणीचा जुना वाचक

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु वीर्य हा शरीराचा सार आहे, चाळीस थेंब रक्तातून त्याचा एक थेंब होतो, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. मग वाट बंद केल्यावर तो सार आत साठून विकार होणार नाहीत काय? आयुर्वेद यावर काय म्हणतो, हे कोणी सांगेल काय?

बेळगावचा वैद्य

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, म्हणून उत्तर देतो. आयुर्वेदात शुक्र हा सात धातूंपैकी, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांपैकी, शेवटचा धातू मानला आहे आणि त्याला फार मान दिला आहे, हे खरे. मात्र एका धातूतून पुढचा धातू घडतो ही धातुपरंपरेची कल्पना वेगळी आणि थेंबांचा हिशोब वेगळा. रक्ताच्या चाळीस थेंबांचे एक थेंब वीर्य होते याला शरीरात काहीही आधार सापडत नाही. शास्त्रकारांनी या भागाची पाहणी बारकाईने केली होती. सुश्रुतसंहितेत वृषणकोश सुजण्याचे सात प्रकार दिले आहेत आणि त्यांत पाणी साचल्याने होणारी मूत्रवृद्धी आणि आतडे उतरल्याने होणारी अंत्रवृद्धी वेगळी सांगितली आहे. म्हणजे आजचा हायड्रोसील आणि आजचा हर्निया यांना त्यांनी एक मानले नाही.

वीर्य कशाचे बनते ते पाहा. साधारण 60 ते 70 टक्के द्रव शुक्राशयांतून येतो आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर असते, जिच्यावर शुक्राणू जगतात. 20 ते 30 टक्के प्रोस्टेटमधून येतो. त्यात जस्त आणि सायट्रिक आम्ल असते, आणि बाहेर पडताच घट्ट होणारे वीर्य काही मिनिटांत पातळ करणारे द्रव्यही त्यातच असते. मूत्रमार्गाच्या मुळाशी वाटाण्याएवढ्या दोन काउपर ग्रंथी असतात. विल्यम काउपर यांनी 1699 मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि त्यांचा थेंबभर चिकट स्राव आधी येऊन मार्ग ओला करतो. वृषण आणि अधिवृषणाकडून येणारा भाग दोन ते पाच टक्के. नसबंदीत अडतो तो एवढाच. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वीर्याचे प्रमाण कमी झालेले डोळ्यांना जाणवतही नाही. अडलेले शुक्राणू साठत राहत नाहीत. ते मरतात आणि शरीर ते शोषून घेते. वापरले न गेलेले शुक्राणू शोषले जाणे हे नसबंदीशिवायही चाललेलेच असते.

धातू, म्हणजे वीर्य, जाण्याच्या भीतीने खंगणारे तरुण माझ्याकडे दर महिन्याला येतात. या चिंतेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये दिले. या रुग्णांना औषधापेक्षा वरचा परिच्छेद एकदा शांतपणे समजावून सांगितलेला अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

शरीररचना हा विषय चित्रावरून जितका कळतो त्याहून अधिक देहावरून कळतो. आमच्या बेळगावात 2010 मध्ये आयुर्वेद महाविद्यालयातील डॉ. महांतेश रामण्णवर यांनी वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या दान केलेल्या देहाचे विद्यार्थ्यांसमोर स्वतः विच्छेदन केले होते. शुक्रवाहिनी मी प्रथम हातात धरली ती विच्छेदनाच्या टेबलावरच. ती बॉलपेनच्या रिफिलीइतकी जाड आणि तशीच टणक लागते, पण आतले छिद्र फार बारीक. एवढ्या जाड भिंतीत स्नायूच स्नायू असतो. त्याच्या आकुंचनानेच शुक्राणू पुढे ढकलले जातात.

जांबोटीची आई

सर, वृषणाची जन्मकथा सांगतो म्हणाला होता, ती लवकर सांगावी, कारण माझ्या मुलाचे तीन वर्षे त्यामुळेच फुकट गेले. जन्मतः त्याच्या उजव्या बाजूची पिशवी रिकामी होती. सासूबाई म्हणाल्या, उतरेल. गावातल्या जाणत्या बायकाही म्हणाल्या, उतरेल. अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी एका ताईंनी पाहिले तेव्हा तो तीन वर्षांचा झाला होता. शस्त्रक्रिया नीट झाली, परंतु आधी का आणले नाही, असे शल्यचिकित्सकांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

ताई, तुमच्या मुलाला आराम पडला हे वाचून बरे वाटले. ती कथा अशी आहे.

गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांच्या जननग्रंथींत फरक नसतो. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे ती ग्रंथी वृषणाच्या दिशेने वळते. 1990 मध्ये शोधल्या गेलेल्या या जनुकाला एसआरवाय म्हणतात. नंतर एका दोरीसारख्या बंधाच्या आधाराने वृषण खाली सरकत येतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतला बोगदा ओलांडून पिशवीत उतरतात. उतरताना ते आपली धमनी, शिरा, चेता आणि शुक्रवाहिनी मागे ओढत आणतात. शुक्रवाहिनीचा तो लांब वळसा यामुळेच आहे, आणि मूतखड्याची कळ वृषणापर्यंत का उतरते, याचेही उत्तर यातच आहे, कारण मूळचा शेजार एकच. प्रयोगशाळेतल्या ताईंनी वर सांगितलेली डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला का मिळते, तेही यावरून उलगडते.

वृषणासोबत पोटाच्या अस्तराची एक बोटासारखी पिशवीही खाली येते आणि नंतर बुजते. ती बुजली नाही तर तिच्यातून पाणी किंवा आतडे खाली उतरते. लहान मुलांतल्या हायड्रोसीलचे आणि हर्नियाचे हे नेहमीचे कारण.

पूर्ण दिवसांच्या मुलग्यांत 100 पैकी सुमारे 3 जणांचा एखादा वृषण जन्मतः उतरलेला नसतो. त्यांतल्या बऱ्याच जणांचा पहिल्या सहा महिन्यांत आपोआप उतरतो; त्यानंतर उतरण्याची शक्यता फार कमी उरते. म्हणून सहा महिन्यांनंतर वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवावे आणि शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी, असे आज मानतात. पोटातल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणातील शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी हळूहळू घटतात आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो.

चिकोडीचा पशुवैद्य

या निमित्ताने आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण माझ्या पुतण्यावर ती वेळ आली होती. तो वसतिगृहात होता, वय चौदा. पहाटे वृषणात अचानक असह्य कळ आली, उलटी झाली. लाजेने त्याने पोट दुखते असे सांगितले. कोणीतरी ओवा दिला. वृषण आपल्याच रज्जूवर पिळला गेला होता आणि रक्त बंद झाले होते. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचतो, पुढे प्रत्येक तासागणिक आशा कमी होते. त्याला रुग्णालयात नेईपर्यंत दुपार झाली आणि तो वृषण काढावा लागला. राहिलेल्या एका वृषणावर त्याचे सर्व काही सुरळीत आहे. खोंडाला जे चिमटा करतो, ते या मुलाला पिळाने केले, फक्त एका बाजूला.

घटप्रभा_1

धागाकर्त्या सरांना एक विचारायचे आहे. तुमच्या विद्यार्थ्याने शेवटी काय ठरवले? आपल्या देशात 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचे 0.3 टक्के होते. स्त्रीच्या नळ्या पोटाच्या आत असतात, पुरुषाची शुक्रवाहिनी कातडीखाली बोटाला लागते. रचनेने जे काम सोपे ठेवले आहे ते आपण करत नाही, आणि जे अवघड आहे ते बायकांवर सोपवतो.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

काल संध्याकाळी तो पुन्हा आला होता. मी त्याच्यासमोर हा धागा उघडून ठेवला. पशुवैद्य डॉक्टरांचा मजकूर त्याने दोनदा वाचला आणि वाड्याच्या दारावर थोडा हसला. मग मी कागदावर चित्र काढून दिले, जे मी वर्गात फळ्यावर काढायला हवे होते. 1974 मध्ये चीनमधले ली शुनचियांग यांनी शोधलेल्या पद्धतीने ही शस्त्रक्रिया आता चिरा न देता, कातडीला बारीक छिद्र पाडून होते, जागा बधिर करतात आणि वीस मिनिटांच्या आत काम आटोपते, हेही त्याला सांगितले.

त्याचे समाधान झाले असावे, कारण त्याचे पुढचे प्रश्न भीतीचे नव्हते, शेताचे होते. शस्त्रक्रियेनंतर मोळ्या कधी उचलता येतील? ऊस तुटायचा आहे आणि घरात तो एकटाच ओझे उचलणारा आहे. आणि शस्त्रक्रिया झाली की त्या दिवसापासून निर्धास्त राहता येते काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या ताईंनी द्यावे.

प्रयोगशाळेतली ताई

सर, त्या दिवसापासून निर्धास्त राहता येत नाही, हे त्याला ठळकपणे सांगा. नसबंदी झाल्यावरही दिवस गेले अशा तक्रारींतल्या अनेक या एका गैरसमजातून येतात. बांधलेल्या जागेच्या पुढे, म्हणजे पोटातल्या वाहिनीत आणि शुक्राशयाजवळ, आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला वेळ लागतो. तीन महिने निरोध किंवा दुसरे साधन वापरावे, नंतर नमुना तपासावा, आणि त्यात शुक्राणू नाहीत असा अहवाल हातात आल्यावरच साधन सोडावे.

मोळ्यांबद्दल म्हणाल तर हलके काम दोन दिवसांत करता येते, पण जड ओझे निदान आठवडाभर टाळावे आणि तोवर आधार देणारी घट्ट चड्डी किंवा लंगोट वापरावा. ऊस कारखान्याला गेल्यावर, मार्चच्या अखेरीस शस्त्रक्रिया करून घेतली तर दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातील. मग तपासणी जूनच्या अखेरीस येते. नमुना घरून आणणार असेल तर तासाभराच्या आत पोहोचवावा, आणि खानापूरचा पाऊस तोवर लागलेला असेल, म्हणून डबी पिशवीत न ठेवता शर्टाच्या आत, अंगाला लागून आणावी.